नळी सरळ निघाली

रवि. ९/१०/८३. तिसरी माळ.
नलू आणि तिचा नवरा आले. कुक्षीहून मोटारसायकलवर, काल रात्री धारला त्याच्या आईबापांकडे मुक्काम करून. बसा बंद पडल्या होत्या काय, विचारलं. जावईबापू म्हणतात, "आजी, अपनी गाडी असताना बसमध्ये धक्के कोण खातं?" (यापुढे नुसतं जा.बा. लिहिणार. नातजावयासाठी एवढं लांब लिहायला माझा हात रिकामा नाही.)
गाडी सरळ आत आणून माझ्या रांगोळीवर उभी केली. चहा होईस्तोवर पुढच्या चाकाखाली काळा डाग. कमळ होतं तिथे आता कढई उपडी केल्यासारखं दिसतं. म्हटलं, हे काय गळतं? तर म्हणे, "शॉकपचं तेल आहे थोडं, धक्के सोसणाऱ्या नळ्यांतलं. सगळ्या गाड्यांचं गळतं."
समोरच्यांची गाडी गळत नाही. पण जावई आहे, पहिला चहा तरी गोड प्यावा, म्हणून गप्प बसले.
नलू दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन बसली आहे. ऑक्टोबरचं ऊन. हे तिच्या बापाचं घर. इथे कुणापासून झाकायचं आहे?

सोम. १०/१०. चौथी माळ.
दिसलं. कणीक मळायला बसली, बांगड्या मागे सारल्या, तेव्हा. डाव्या मनगटाच्या वर निळं. कडेला हिरवट.
मी विचारलं, "नले, हाताला काय?"
तिने तोंड उघडायच्या आत ओसरीवरून जा.बा. बोलले, "गाडी सरकली आजी, अमझेऱ्याच्या अलीकडे. रपट्यावर चिखल होता."
विचारलं कोणाला, उत्तर कोणाचं. आणि ओसरीवर बसून पेपर वाचणाऱ्याला स्वयंपाकघरातलं माझं हळू बोलणं बरं ऐकू आलं. एरवी चहा आणला म्हटलं तर ऐकू येत नाही.
सुमनला (माझी सून, नलूची आई) म्हटलं, तू पाहिलंस का? म्हणाली, "गाडीवर होतं असं कधी कधी, आई. जीव वाचला हे काय कमी आहे." आणि कुकरकडे वळली. ही बाई भांड्याला पोचा आला तर आठवडाभर बोलते.

मंगळ. ११/१०. ललितापंचमी.
टेकडीवर देवीला गेलो. मी, सुमन, नलू. थोरल्या मातेची ओटी भरली. पायऱ्यांवर दम लागला म्हणून मी बसले. खरं तर लागला नव्हता. सुमन पुढे गेली, नलू माझ्याजवळ थांबली.
"गाडी कुठे पडली ग?"
"अमझेऱ्याच्या अलीकडे. रपट्यावर चिखल होता."
शब्दही तेच, क्रमही तोच. शाळेत पाठ करून घेतात तसं. मी म्हटलं, "लागलं कुठे कुठे?" तर, "फक्त हाताला." साडीला काही नाही, गुडघ्याला नाही, चपलेला नाही. नाल्याच्या त्या बुटक्या पुलावर चिखलात पडली आणि नुसतं मनगट लागलं.
वरून सुमनने बोलावलं, म्हणून उठलो.
संध्याकाळी वसंता ड्यूटीवरून आला. तो गाडीभोवती फिरला. माझा लेक कारखान्यात फिटर आहे, लोखंड दिसलं की माणसं दिसत नाहीत. पुढचा ब्रेक दाबून ढकलली तर गाडी पुढे जाते. म्हणाला, "सुधीरराव, तेल ब्रेकच्या ड्रमात उतरलंय. सील गेले आहेत दोन्ही बाजूंचे. अशी गाडी मानपूर-महूच्या घाटात नेली असतीत तर?"
जा.बा. हसले. "इतके दिवस चालवतोच आहे ना, बाबा."
"चालवता, पण थांबवता का?"
वसंताने एवढं चांगलं वाक्य आयुष्यात दुसरं बोललेलं मला आठवत नाही. पण त्याला फक्त गाडी म्हणायचं होतं.

बुध. १२/१०.
वसंता म्हणतो, सील घरीच बदलतो. जा.बा. नको म्हणतात. "धारला आमचा मिस्त्री आहे, भावासारखा, भिया म्हणतो मी त्याला, फुकटात करतो. तुम्ही कशाला हात काळे करता, नवरात्र आहे."
माझ्या नवरात्राची काळजी यांना.
मी म्हटलं, मिस्त्री एवढा सख्खा आहे तर शनिवारी धारला मुक्कामी होतात तेव्हाच का नाही केलं? "दुकान बंद होतं."
बरं.
घरी उघडायला का नको? मला वाटतं याचं कारण गाडीतच असणार. पडलेली गाडी लपत नाही. माझे सासरे धारच्या पागेत नालबंद होते. ते घोड्याचा खूर हातात घेऊन सांगायचे, हा परवा दगडावर घसरला, मालक काही म्हणो. लोखंडाच्या घोड्याचंही असंच काही असेल. वसंताला गाठून विचारलं, "गाडी पडली की कशावर दिसतं?"
"का?"
"सांग की."
"हँडलचं टोक घासतं. ब्रेकचा दांडा वाकतो. पाय ठेवायचा दांडा. जोरात समोरून आदळली तर शॉकपची नळी वाकते." मग माझ्याकडे बघून, "आई, सीआयडीत नोकरी लागली का तुला? जन्मात कुणावर विश्वास ठेवला आहेस?"
"तुझ्या बापावर ठेवला होता. तेवढ्याने भरून पावले."

गुरु. १३/१०. सातवी माळ.
वसंताने इंदूरहून सील मागवले होते, ते दुपारी एकाने आणून दिले. काळ्या रबराच्या बांगड्या. आत बारीक स्प्रिंग. एवढ्याशा वस्तूवर दोन माणसांचा जीव टांगलेला असतो.
जा.बा. नको नको म्हणत असतानाच वसंताने गाडी अंगणात उघडली. विटांवर इंजिन टेकवून पुढचं चाक काढलं. मी मुद्दाम तांदूळ निवडायला तिथे बसले. जा.बा. म्हणाले, "आजी, इथे वास येईल तेलाचा." म्हटलं, माझं नाक म्हातारं झालंय.
डोळे नाही झाले.
हँडलची टोकं नवी. रबर कोरं करकरीत. मी विचारलं, "हे कधी बदललं?" "पडल्यावर फाटलं होतं ना आजी, धारला बदललं." म्हणजे धारला रबर बदलायला दुकान उघडं आणि सील बदलायला बंद.
ब्रेकचा दांडा सरळ. पाय ठेवायचा दांडा डाव्या बाजूला खरचटलेला, पण त्यावर गंज. गंज चार-पाच दिवसांत चढतो का, वसंताला विचारलं. "पावसात रात्रीत चढतो." पाऊस जाऊन दिवस झाले. म्हणाला, "कुक्षीकडे पडला असेल." माझा लेक कोणाच्या बाजूने आहे, कळत नाही.
नळ्यांतून तेल काढलं, डांबरासारखं. वर पाणी मिसळलेलं. जुने सील कडक, करवंटीसारखे. वसंताने बोटाने तोडला. "हे पडून गेलेले नाहीत," म्हणाला, "हे म्हातारे होऊन गेले."
जा.बा. एकदम म्हणाले, "पडल्यामुळेच गळायला लागलं, बाबा. आधी नव्हतं."
वसंताने तुटलेला सील फडक्यावर ठेवला. मी तांदूळ पुन्हा निवडले.
नलू आतून एकदाही बाहेर आली नाही. लहानपणी बाप सायकल उघडायचा तर हिला पाने हातात द्यायचे असायचे, अभ्यास सोडून पळायची.

शुक्र. १४/१०. अष्टमी.
आज मी ते केलं, जे या घरात कधी केलं नव्हतं.
नऊ दिवस माझ्या ओट्यावर कांदा चढत नाही. सोवळं म्हणून नव्हे, शिस्त म्हणून. वसंता म्हणत होता, नळी वाकली आहे का ते बघायला सपाट जागा हवी. अंगणातली फरशी खाचाखोचांची. खिडकीची काच काढून तिच्यावर बघावं लागेल.
मी म्हटलं, "आण आत. ओट्यावर लाव."
सुमन पुतळ्यासारखी. "आई, ओट्यावर? आज कडाकणी तळायची आहे."
"पुसून घेऊ."
नळी रॉकेलने धुऊन, फडक्याने कोरडी करून वसंताने आणली. चमकते चांदीसारखी. ओट्याच्या एका टोकाला ठेवून हलकेच लोटली. वसंता म्हणाला, "वाकली असेल तर लंगडत जाईल. मध्ये प्रकाश दिसेल खाली."
सगळे बघत होतो. जा.बा. दारात. नलूही, चुलीशेजारी, हात पदरात.
नळी सरळ गेली. पिठाच्या डब्याला टेकून थांबली. दुसरी लावली. तीही तशीच.
जा.बा. म्हणाले, "बघा, काही नाही झालं गाडीला."
मी म्हटलं, "तेच तर."
तेवढ्यावर थांबले. कारण नलूने माझ्याकडे असं पाहिलं, जणू लहानपणीसारखी मी तिची चोरी पकडली. चोरी तिची नसताना.
नंतर वसंताला अंगणात एकटं गाठलं. म्हटलं, कळलं ना? गाडी पडलीच नाही.
तो नवीन सीलला ग्रीस लावत होता. जुना सील नव्यावर ठेवून, वर लाकडी ठोकळा, हळूहळू चारी बाजूंनी ठोकत. एका बाजूने जोर दिला तर तिरपा बसतो, मग पुन्हा गळणार. "आडवी पडली तर नळी वाकत नाही, आई," म्हणाला. "नळीवरून काही सिद्ध होत नाही."
"मग मनगटावरून?"
ठोकत राहिला.
"वसंता, तुझी पोर आहे."
"म्हणून तर सील बदलतोय," म्हणाला. "अजून काय करू ते तू सांग. दोन दिवस तोच विचार करतोय आणि पाने फिरवतोय."
त्याला कळलं होतं. मला वाटत होतं एकटीलाच दिसतं.
अंधार पडला, जोडणी राहिली. उद्या सकाळी लवकर जोडतो म्हणाला. जा.बा.ना उद्या दुपारीच निघायचं आहे, दसऱ्याला धारला हजर हवं, त्यांच्या घरी सोनं वाटायला सून लागते.

शनि. १५/१०. खंडेनवमी.
सगळ्यांच्या आधी उठले. वसंताची पेटी उघडली आणि झाडून सगळे पाने काढले. पेचकस, पक्कड, हातोडी, ठोकळा. पुढच्या चाकाचा दांडा आणि त्याचा नटसुद्धा. धुतलं, पुसलं, पाटावर मांडलं. मध्ये मामंजींचा नाल ठोकायचा हातोडा, दरवर्षी असतो तो. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं घातली, निरांजन लावलं.
आमच्या घरात खंडेनवमीला मांडलेलं लोखंड दसऱ्याची पूजा होऊन सोनं लुटल्याशिवाय हलवत नाहीत. नालबंदाचं घर. मामंजींच्या वेळी एकदा सरकारी घोडा दारात आला होता या दिवशी, तोही परत गेला. हे वसंताला जन्मापासून माहीत.
वसंता उठला, पाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. नमस्कार केला आणि दाढी करायला गेला.
जा.बा. मात्र, "आजी, हत्यारं ठीक आहेत, पण तो दांडा गाडीचा पुर्जा आहे. त्याची कसली पूजा?"
"लोखंड आहे ना."
"आम्हाला निघायचंय."
"उद्या संध्याकाळी उचलू. मग जोडा आणि जा."
"उद्या संध्याकाळी दसरा संपला, आजी."
"आमच्याकडेही दसराच आहे. उपाशी नाही ठेवणार."
समोरून हात घालून उचलायला गेले. वसंता तोंडाला साबण लावलेला तसाच मध्ये येऊन उभा राहिला. साबण वाळेपर्यंत उभा होता.
जा.बा. हसले. हसले की यांचे दातच हसतात. "कोई बात नहीं. बस आहे ना. आजींची भक्ती मोठी. नलू, बॅग भर."
हे मी धरलंच नव्हतं. म्हातारीने गाडी बांधून ठेवली आणि बस विसरली. दिवसभर स्वतःवर चिडून होते. जेवताना जा.बा.ना आग्रह करून वाढलं, कोणत्या तोंडाने कोण जाणे.
बस उद्या सकाळची ठरली.

रवि. १६/१०. दसरा.
बॅग दारात आली. त्यांनी उचलली, हलकी लागली असावी. उघडली. आत फक्त त्यांचे कपडे. शर्ट घडी करून, मोजे एकात एक घालून, दाढीचं सामान वेगळ्या पिशवीत. एकसुद्धा साडी नाही.
"तुझे?"
नलू म्हणाली, "गाडी व्हायची आहे अजून. ती झाली की बघू."
"मी बसने चाललोय."
"हो. तुम्ही व्हा पुढे."
सुमनच्या हातात ओवाळायचं तबक होतं, ते तसंच. मला वाटलं आता ओरडणार, म्हणजे मला कळेल हा माणूस ओरडतो कसा. ओरडले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "आजींनी शिकवलेलं दिसतंय."
नलू म्हणाली, "आजी तर माझ्याशी गाडीबद्दलच बोलते."
हे खरं आहे.
गेले. सुमनने ओवाळलं मात्र, ती सोडायची नाही.
संध्याकाळी सोनं लुटून आल्यावर पाटावरचं लोखंड उचललं.

मंगळ. १८/१०.
गाडी जोडली. दोन्ही नळ्यांत तेल मापून सारखं, कमी-जास्त झालं तर गाडी एका अंगाला ओढते म्हणे. वसंताने हँडल धरून पुढून दाबली, सोडली, दाबली, सोडली. मग नळीवर बोट फिरवून मला दाखवलं. कोरडं.
नलू आज बाहेर आली. बापाला पाने देत होती. चौदा नंबर मागितला तर चौदाच दिला. पदर एका खांद्यावर.
मनगट पिवळं पडलंय.
मी काही विचारलं नाही. विचारलं की ते पाठ केलेलं वाक्य येणार.

गुरु. २०/१०.
दुपारी वाती वळत होतो. आपणहून बोलली.
"आजी, गाडी पडली होती."
मी वात वळत राहिले.
"खरंच पडली होती. तुला वाटतं तसं नाही."
"मला काय वाटतं?"
"तुला वाटतं त्यांनी मारलं." एवढं सरळ बोलली. "रपट्यावर चिखल होता. गाडी आडवी झाली, मी मागे पडले पाण्यात. ते उठले. आधी गाडी उचलली. पेट्रोल सांडतंय का बघितलं. दिवा फुटला का बघितलं. मी तिथेच बसलेली. मग आले आणि मनगट धरून ओढलं, ऊठ, ट्रक येतोय मागून. ते असं धरलं की…" आणि स्वतःच्या हाताकडे बघायला लागली. "साडी धारला धुतली. सासूबाईंना कळू नये म्हणून रात्रीच धुतली. त्यांनी सांगितलं, कुणाला बोलू नकोस, गाडी चालवता येत नाही म्हणतील."
मग नळी? आणि तो गंज? आणि नवं रबर? सगळं बसतं आणि काहीच बसत नाही. वसंता म्हणाला होता, नळीवरून काही सिद्ध होत नाही.
विचारलं, "आणि याच्या आधी? आधी कधी धरलं आहे का मनगट?"
वातीचा कापूस संपला होता, तो आणायला उठली. आणला, पुन्हा बसली, आणि म्हणाली, "ट्रक नव्हताच, आजी. मी मागे वळून पाहिलं."
याहून पुढे मी नाही विचारलं. हे पूर्ण खरं आहे का अर्धं, मला सांगता येत नाही. कोणी हात धरतं ते उचलायला आणि कोणी धरतं ते ओढायला. तिने कोणता हात सांगितला, ते तिचं तिला माहीत.

शुक्र. २१/१०.
जा.बा.चा निरोप आला, धारहून येणाऱ्या एका माणसाबरोबर. उद्या सकाळी येतात. गाडी नेणार. कुक्षीला सोमवारी हजर व्हायचंय. नलूबद्दल निरोपात काय, तर तो माणूस म्हणाला, "तिला सांगा, झालं ते झालं." एवढंच.
झालं ते काय झालं, हे कोणाच्या तोंडून यायला हवं होतं, मला माहीत आहे.
वसंताला विचारलं, उद्या तू ड्यूटीला जाणार का. म्हणाला, रजा टाकली आहे. गाडी पुसायची आहे म्हणाला. गाडी सकाळीच पुसून झाली आहे.
सुमन म्हणते, जाऊ दे तिला, नाही तर लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोकांना आपल्या ओट्यावर बोलावलं होतं का?
निरोपापलीकडे नलूला मी काही सांगितलेलं नाही. जा म्हटलं तर माझ्यामुळे गेली, राहा म्हटलं तर माझ्यामुळे राहिली. दोन्ही मला नको.
तिने सकाळी सगळ्या साड्या धुऊन दोरीवर टाकल्या होत्या. ऊन चांगलं होतं, वाळल्या. आता खोलीत बसून घड्या घालते आहे. सोबत न्यायची पिशवी उघडी आहे, इथलं कपाटही उघडं आहे. मी दारात सुपारी कातरत बसले आहे. पहिली घडी गुडघ्यावरच ठेवली आहे तिने. दुसरी तिच्यावर.